झाकली मूठ

प्रीतमचा उजवा अंगठा
चार बोटांच्या आत राहतो.
एकोणतीस वर्षं तिथंच,
भाडं नाही, करार नाही.
नखं कापायची तर आम्ही दोघी लागतो.
आई मनगट धरते, मी एकेक बोट
वालाची शेंग सोलावी तसं उलगडते.

सरकारला हा अंगठा वर्षातून एकदा लागतो.
सपाट. काचेवर.
प्रीतम हयात आहे हे अंगठ्यानं सांगायचं,
तोंडानं सांगितलेलं धरत नाहीत.
तो सांगतो तसं. दुपारी दोनला,
नळाला पाणी आलं की ओरडून.
सेक्टर पंधरामध्ये त्याच्या हयातीबद्दल
कुणाला शंका नाही.

मार्चपासून पैसे थांबले.
बँक म्हणाली, आधार जोडलंय पण जुळत नाही.
म्हणून कोपरखैरण्याहून ठाणे,
जाताना रिक्षा, येताना बस,
खुर्ची घडी घालून माझ्या मांडीवर.

बाबांच्या वेळी अर्जावर अपंग लिहायचे,
आता दिव्यांग.
पायऱ्या तेव्हाही चौदा होत्या.
बाबा माथाडी, पोत्यासारखा पाठीवर घ्यायचे त्याला.
मी खाली त्याच्यापाशी थांबते
आणि वर जाणाऱ्या कुणाच्याही हाती
कागद देते.

दाखल्यावर लिहिलंय कायमस्वरूपी.
तरी साहेब चष्म्यावरून विचारतात,
काय, काही फरक?
मी म्हणते, हो, दाढी येते आता.

हळूहळू भाषा येते माणसाला.
प्रलंबित म्हणजे विसरलेत.
वरिष्ठ स्तरावर म्हणजे कुणालाच माहीत नाही.
आणि त्रुटी.
त्रुटी या शब्दावर मी आधी रडायचे,
आता खूश होते.
त्रुटी निघाली म्हणजे
कुणीतरी अर्ज वाचला.

आई म्हणते, झाकली मूठ सव्वा लाखाची.
मी म्हटलं, आई, तहसीलमध्ये हे बोलू नकोस,
उत्पन्नाची मर्यादा पन्नास हजार आहे.
ती एवढी हसली की पदर तोंडात धरला.
प्रीतमही हसला, कशाला ते न कळता,
आणि हसताना त्याची मूठ
आणखी घट्ट होते.

आधार केंद्रात तीन वेळा लाल दिवा.
पुन्हा प्रयत्न करा, पुन्हा प्रयत्न करा,
मशीन तसं सभ्य होतं.
मग डोळ्यांचं यंत्र काढलं,
पण प्रीतमचे डोळे पंख्याबरोबर फिरतात.
मागून एकजण म्हणाला, जोर लावा की जरा.
मी वळून बघितलं, काय बोलले ते इथं लिहीत नाही.

तेव्हा मशीनवरची नौशीन उठली.
बाहेरून चहा आणला, अर्धा ग्लास,
आणि मुठीच्या पाठीला टेकवून
माझा हात त्यावर ठेवला.
धरून ठेवा, नानीला असंच करायचो आम्ही.
एवढंच बोलली.
मग पुढच्या माणसाच्या पत्त्यातली
चुकलेली वेलांटी दुरुस्त करत बसली.

सात-आठ मिनिटं गेली असतील.
चहावर साय धरली.
आणि बोटं सुटली,
झोपेत सुटतात तशी, आपल्या आपण.
अंगठा बाहेर आला. ओलसर, पांढरा,
उन्हात न गेलेला.
त्याच्यावर रेषा होत्या,
माझ्या अंगठ्यावर आहेत तेवढ्याच दाट.
एकोणतीस वर्षांत मी नखं बघितली होती,
रेषा नाही.

हिरवा दिवा लागला.
प्रीतमनं ग्लास ओढून घेतला
आणि साय आधी खाल्ली.

रांगेत पाठीमागे कळव्याची एक बाई होती,
मुलगी कडेवर, बारा-तेरा वर्षांची.
तिला सांगितलं, थर्मास आणा, गरम पाणी,
आणि अकराच्या आत या, मग सर्व्हर झोपतो.
तिनं रेशनकार्डाच्या मागं लिहून घेतलं.

काल फोनवर मेसेज आला.
मला वाटलं पैसे.
त्रुटी, दोन.
आईनं विचारलं, काय म्हणतात?
म्हटलं, वाचलंय गं कुणीतरी.
ती भाकरी थापत होती, थांबली नाही.
म्हणाली, थर्मासचं झाकण गळतंय,
जायच्या आधी बघ.