प्रश्न नववा

पुढच्या वर्षी कोणतं प्रशिक्षण हवं?
ऐला निएमी चौकटींवर खुणा करत जाते.
डुलुथमध्ये चारलाच अंधार,
हीटरवर वाळत घातलेले हातमोजे.

गळालेल्या नोंदींचं गणित: हवं.
अनुदानाचे अर्ज: हवं, फार हवं.
मुख्याध्यापकांना पाच मिनिटांत
सात वर्षांचं काम समजावणं: हवं.

जे घडलंच नाही ते मोजायचं, हा तिचा धंदा.
न घेतलेली गोळी,
रात्री न वाजलेला फोन,
घरी परतलेला, कंटाळलेला,
जेवायला नको म्हणणारा पोरगा.

मग 'इतर', आणि पुढे कोरी ओळ.

ऑक्टोबरात दुकानाच्या रांगेत
लोरेट हेगस्ट्रॉमने विचारलं होतं,
'आमची शाळा कुठल्या गटात होती गं?'
चिठ्ठ्या टाकून ठरलेलं.
धडे पलीकडच्या शाळेला,
हिच्या शाळेला नुसत्या प्रश्नावल्या.
हिच्या वेंडेलने त्या तिन्ही वर्षं
सुवाच्य अक्षरात भरल्या होत्या.
'तुलनेच्या,' ऐला म्हणाली.
लोरेट सुटे पैसे मोजत राहिली.

ऐला लिहिते: त्या रांगेत उभं कसं राहायचं, ते
पण रकाना पन्नास अक्षरांचाच.
खोडते.
'संवादकौशल्य' लिहिते, पाठवून देते.

हातमोजे अजून ओलेच.
तेच घालून निघते.