सात आकड्याचा वार

सकाळी सातला फोन किंचाळतो, घराला आग लागल्यासारखा.
देगू पालिकेचा निरोप. बाधित बाई, साठीतली,
परवा बारा चाळीसला शेवयांच्या खानावळीत,
एक पाचला चपलांच्या दुकानात, पायी,
मग तीन तास एका घरी.
घर कुणाचं ते लिहीत नाहीत.
आमच्या जिन्यावरच्या बायका दुपारपर्यंत शोधून काढतात.

मला ताप नाही.
दिवसातून चारदा जिभेवर चमचा दाबून
आरशात घसा बघते, लाल नाही.
तरी झोप लागत नाही,
कारण पडल्या पडल्या मी माझाही मार्ग लिहून पाहते:

नऊ वाजता, दुकान. शटर अर्धं वर.
शाळेचे गणवेश आखूड करून ठेवलेत,
शाळाच उघडली नाही.
तोवर पोरं वाढणार, आणि माझीच टीप
मलाच उसवावी लागणार.
साडेबारा, डबा. भात, मुळ्याची किमची. सोबत कुणी नाही.
सहा दहा ते सहा पंचवीस,
कापडबाजारामागची गल्ली,
चौथ्या इमारतीसमोर, गिंकोच्या झाडाखाली उभी.
कारण:

इथे अडतं.
लिहून घेणारा कारकून तरुण असेल, रात्रभर जागलेला.
विचारेल, आजी, तिथं कुणाला भेटलात?
कुणालाच नाही रे.
दुसऱ्या मजल्यावर दिवा लागतो का, तेवढं बघते.
लागला की घरी जाते.

पिलसुनचा दिवा.
बावीस वर्षं एका दुकानात दोन मशीनं,
विजारी तिच्या, कोट माझे.
मग एक भिशी बुडाली,
आणि कुणी कुणाला बुडवलं यावरून
सहा वर्षं आम्ही एकमेकींचं तोंड पाहिलं नाही.
आता तर गावात कुणाचंच दिसत नाही.

मास्क आठवड्याला दोन, माणशी.
जन्मसालाच्या शेवटच्या आकड्यावर वार ठरतो.
सत्तावन्न साल. सात. मंगळवार.
बातमीत हे ऐकलं तेव्हा मास्क राहिला बाजूला,
मनात आलं, तीही सत्तावन्नची.
माझ्याहून चाळीस दिवसांनी मोठी,
आणि त्या चाळीस दिवसांच्या जोरावर
जन्मभर मला ताई म्हणायला लावलंन.

प्योच्या औषधाच्या दुकानापासून
रांग बँकेच्या कोपऱ्यापर्यंत.
फरशीवर चिकटपट्टीच्या फुल्या,
एकेका फुलीवर एकेक सत्तावन्न, एकेक बासष्ट,
एका आईच्या कडेवर सतरा, अंगठा चोखायला मिळत नाही म्हणून रडणारा.
दोन फुल्या सोडून पुढे राखी कोट.
डोळ्यांवरून माणूस ओळखता येतं म्हणतात,
माझ्याकडे तर पाठ होती.
मी बाही ओळखली.
डाव्या मनगटाशी अस्तर फाटलं होतं,
ते मी शिवलं होतं एका थंडीत,
काळा दोरा संपला म्हणून निळ्याने.
कुणाला दिसतंय, म्हणाले होते.

हाक मारायला घसा मोकळा केला,
तो खोकला झाला.
मधल्या दोघी टुणकन रस्त्यावर उतरल्या.
राखी कोट वळला.
"ताप आहे तुला?"
"नाही."
"मग खोकू नकोस. लोक भितात."
आणि पुढची फुली मोकळी झाली, ती सरकली.

आज मार्गात एक ओळ वाढली:
दहा वीस, रांगेत. संपर्क एक.
अंतर दोन फुल्या. दोघींना मास्क.
सहा दहाला मी गेले नाही. दिवा लागला असेल.

कोट तिला खांद्यात दोन बोटं सैल झालाय.
पूर्वी बटण लावताना श्वास धरायची.
आत घ्यायला अर्धा तास लागेल फार तर,
पण त्यासाठी तिने तो काढून द्यायला हवा
आणि मी हातात घ्यायला.