आजची तारीख

नुर्मेसची लाकूड गिरणी. उणे एकतीस.
पट्टा थांबला तेव्हा आधी ऐकू आली शांतता,
मग एन्सिओच्या शिव्या.
करवतीला कुठे कापायचं ते सांगणारा कॉम्प्युटर
काळ्या पडद्यावर एकच वाक्य धरून बसला होता:
सिस्टिम सापडत नाही.

यार्डात सहाशे ओंडके बर्फाखाली,
ट्रक रांगेत, इंजिनं चालूच,
बंद केली तर सकाळी उठणार नाहीत.

तूलिक्की योएन्सूहून आली, सव्वाशे किलोमीटर,
कोट न काढताच बसली.
स्वेटरच्या आतून, काखेतून काढली
सल्मियाक्कीची चपटी पत्र्याची डबी,
डबीत एक फ्लॉपी.
"डिकीत ठेवली की गारठते,
ऊब लागली की घाम फुटतो तिला.
घामेजलेली फ्लॉपी खोटं बोलते."
लेबलवर पेन्सिलीने लिहिलेलं: हात लावू नये.
खाली त्याच अक्षरात: तूसुद्धा.

मी रात्रपाळीचा मेकॅनिक.
मला ग्रीस कळतं, बेअरिंगचं कण्हणं कळतं.
तिने फ्लॉपी आत सरकवली
आणि पेटीत काहीतरी ओरखडू लागलं,
घर्र, टक, टक, घर्र,
अंधारात कुणी भिंत चाचपत
दिव्याचं बटण शोधावं तसं.
हा आवाज मला कळला.
म्हटलं, "चालतंय."
ती म्हणाली, "बोलू नका."

खिडक्या नाहीत, चित्रं नाहीत,
माउसला इथे कुणी विचारत नाही.
काळोखातून फक्त एक प्रश्न वर आला:
आजची तारीख मंगळवार, एक जानेवारी एकोणीसशे ऐंशी.
नवी तारीख टाका.

आत कुठेतरी पेराएवढी बॅटरी मेली होती
आणि यंत्र मागे मागे जात
स्वतःच्या जन्माच्याही पलीकडे जाऊन थांबलं होतं,
जिथून त्याला मोजायला शिकवलं, तिथे.

ऐंशी साली मोठ्या करवतीवर एन्सिओचे वडील असत.
ओंडक्याच्या टोकाला थुंकी लावायचे,
गोठायच्या आत अंगठ्याने पुसायचे,
वर्तुळं वाचायचे. "हा उपाशी वाढलाय,
याला जाड काप."
त्याच साली फेब्रुवारीत त्यांची दोन बोटं गेली.
पट्टा थांबवायचा खटका माझ्या हाताशी होता.
मला तीन सेकंद लागले.

एक जानेवारी.
म्हणजे अजून पाच आठवडे होते.

"आज तारीख काय?" तूलिक्कीने मलाच विचारलं.
माझ्या तोंडून शब्द निघेना.
एन्सिओने सांगितली: बावीस जानेवारी, सत्त्याण्णव.
कॅलेंडर न बघता. माल कधी पोचवायचा
ते त्याला पाठ होतं.
वेळ तिने माझ्या मनगटावरून घेतली.

मग तो आला,
ए, कोलन, तिरपी रेघ, टोकदार कंस,
आणि पुढे लुकलुकणारी
एक आडवी रेघ.

"तळाशी एवढंच असतं?"
"एवढंच. बाकी सगळं वरून चढवलेलं."

तिने सी लिहिलं, कोलन लिहिला,
अंगठा क्षणभर हवेत धरला.
सी उघडलं.
डीर म्हणताच याद्या धावत सुटल्या,
पाइन, स्प्रूस, बर्च, लांब्या, जाड्या,
हिवाळाभराचे सगळे काप जागच्या जागी.
एन्सिओने टोपी काढली, पुन्हा घातली.
"माल शाबूत आहे," ती म्हणाली, "कुलूपच तेवढं बिघडलंय."
आणखी एक आज्ञा, सात अक्षरांचीही नसेल.
फ्लॉपी डबीत, डबी काखेत.
कॉफी तिने उभ्यानेच घेतली.

पहाटे पाचला करवत फिरली.
पहिला ओंडका पट्ट्यावर चढत होता तेवढ्यात मी
पुढे झालो, बोट ओलं केलं, पुसलं,
सालीपासून आत सतरा सालं मोजली.
सतरावं वर्तुळ जरा अरुंद दिसलं,
की माझाच चष्मा धुकटला होता कोण जाणे.
"हात काढ!" एन्सिओ ओरडला.
काढला.
ओंडका पुढे गेला.