कंसातली नोंद

सव्वीस वर्षं मी त्यांची भाषणं टिपून घेतली,
ब्रसेल्सच्या सभागृहात, व्यासपीठाखालच्या बुटक्या मेजाशी.
लघुलिपीत काउंट अदेमार द रोंकूर म्हणजे
एक आकडी आणि खाली ठिपका.
एवढं लांबलचक घराणं, नऊ पिढ्यांची ढाल-तलवार,
माझ्या पेन्सिलीच्या दोन फटकाऱ्यांत मावायचं.

दर हिवाळ्यात ते तोच ठराव आणत :
बारा वर्षांखालचं मूल खाणीत उतरू नये.
दर हिवाळ्यात मी कंसात लिहायचो :
(हशा.)
(उजवीकडून गोंगाट.)
(एक सदस्य : आधी आपले खाणीतले शेअर विका, काउंट!)

त्यांनी ते विकले.
हे इतिवृत्तात नाही.
विकले तेव्हा थोरल्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं,
हेही नाही.
आणि काउंटेस ओडिल त्या वर्षापासून
जेवणाच्या टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला बसू लागल्या,
मधे मेणबत्त्यांची रांग, मिठाचं भांडं.
हे मला त्यांच्या गाडीवानानं सांगितलं,
थंडीत, तंबाखू मागता मागता.

एकदा त्यांनी पिशवीतून एक पट्टा काढला,
चामड्याचा, साखळी लावलेला, वीतभर घेराचा,
आणि बाकाच्या हिरव्या मखमलीवर ठेवला.
"हा कुत्र्याचा नाही," एवढंच म्हणाले.
(गोंगाट.)
शिपायानं तो चिमटीत धरून बाहेर नेला.
मखमलीवर राहिलेला काळा डाग पुसायचे साडेतीन फ्रँक
त्यांच्याच भत्त्यातून कापले गेले.

संत नव्हते.
हातमोज्यांना धूळ लागलेली त्यांना खपत नसे.
माझं नाव सव्वीस वर्षांत पाठ झालं नाही;
कधी फ्लोरां, कधी फेलिक्स.
(माझं नाव फ्लोरिमोंद.)
कामगारांनी मताचा हक्क मागितला, तेव्हा हेच काउंट
ताठ उभे राहून म्हणाले, "त्याला अजून वेळ आहे."
मी शब्दन् शब्द उतरवला.
दया वरून खाली येते, हे त्यांना ठाऊक होतं;
खालून वर काय येईल, याची बहुधा भीती वाटायची.

मी त्यांना कधी सांगितलं नाही
की बोरिनाजच्या एका खाणीत
हवेचं दार उघड-मीट करणारी मेलानी
माझी धाकटी बहीण होती. आठ वर्षांची.
तेल वाचावं म्हणून तिला दिवा नसे.
काळोखात ती आकडे म्हणत बसायची,
मी शिकवलेले, एकोणतीसपर्यंत.
तीस मी रविवारी शिकवणार होतो.

ठराव संमत झाला त्या दुपारी काउंट सभागृहात नव्हते,
अर्ध्या अंगानं लुळे, अंथरुणात होते.
मी इतिवृत्त घेऊन गेलो, शाई अजून बोटांना लागत होती.
कायद्यात पळवाटा होत्या, त्या मी वाचल्या नाहीत.
अर्ध्या ओठानं त्यांनी विचारलं,
"हसलं का कोणी?"
नाही, म्हटलं.
"मग कंसात काय लिहिलंत?"

लघुलिपीत शांततेला खूण नसते.
मी पान त्यांच्याकडे वळवलं :
एक कंस, उघडलेला.
आत कोरी जागा.
एक कंस, लावून घेतलेला.
दारासारखा.

बराच वेळ ते बघत राहिले.
मग म्हणाले,
"ठीक आहे, फेलिक्स."