निरीक्षण-वहीतली नोंद

तारीख अकरा नोव्हेंबर. इयत्ता पहिली. तास दुसरा.
बाहेर उणे एकवीस,
आत शेगडीजवळच्या दोन बाकांपुरता उन्हाळा.
प्रशिक्षणार्थी ओदगेरेल, उलानबातारहून आलेली.
बूट शहरी, पातळ तळव्यांचे.
पाठाचं टाचण सहा पानी,
मिनिटामिनिटाचा चोख हिशेब.

रकाना पहिला: आवाज.
सुरुवातीला फार उंच,
जणू शेवटचा बाक दरीच्या पलीकडे आहे.
मग ती कोळसा घालायला वाकली
आणि शेगडीशीच कुजबुजल्यासारखं काही बोलली.
सगळी पोरं माना पुढे काढून ऐकू लागली.
हे तिनं हेरलं.
त्यानंतर आवाज खालीच राहिला.
मला हे कळायला दोन हिवाळे लागले होते.

रकाना दुसरा: फळा.
अक्षर सुबक, पण पाठ फार वेळ वर्गाकडे.
तिला सांगायला हवं,
कळप पुढे हाकताना मागच्यांवर नजर ठेवतो आपण,
खोगिरात जरा तिरकं बसून,
तसं फळ्याशी उभं राहायचं.
खडू मोडला तेव्हा शरमली. शरमू नये.
पोरांना मोडलेला खडू आवडतो.

रकाना तिसरा: प्रश्न विचारण्याचं कौशल्य.

"दोरीला सात शिंगरं बांधलीत.
तीन सोडली. राहिली किती?"

नोमुंदारीचा हात वर.
तो हात दुकानाच्या पाटीसारखा कायमच वर असतो.
पण ओदगेरेलनं विचारलं शिजिरला.
सप्टेंबरपासून वसतिगृहात असलेला, सहा वर्षांचा शिजिर,
ज्याचा आवाज आजवर फक्त झोपेत ऐकलाय
असं रात्रपाळीच्या बाई सांगतात.

एक. दोन. तीन.

नव्या शिक्षकाला शांतता सोसत नाही.
ती उतू जाणारं दूध वाटते,
कधी एकदा धावत जाऊन भांडं उतरवतो असं होतं.

चार. पाच.

टाचणाचा कोपरा तिच्या बोटांत चुरगळला.
नोमुंदारी बाकावरून निम्मी उठलेली.

सहा.

मीही श्वास धरला होता. वहीत तसं लिहायचं नसतं.

सात.

"कुठली तीन?"
शिजिर म्हणाला.

वर्ग फिस्सकन हसला.

इथे मी पेन खाली ठेवलं.
कारण हाच प्रश्न मला विचारला होता
एकतीस वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका पोरानं,
याच भिंतींमध्ये, जेव्हा त्या हिरव्या होत्या.
मी म्हणाले होते, "उत्तर आकड्यात दे."
त्यानं दिलं. बरोबर दिलं.
आणि पुन्हा काही विचारलं नाही, चौथीपर्यंत.
तो आता ट्रक चालवतो, रस्त्यात भेटला की टोपी काढतो,
अजून फक्त विचारल्यापुरतं बोलतो.

ओदगेरेल हसली नाही.
शिजिरच्या बाकाशी उकिडवी बसली,
डोळे त्याच्या डोळ्यांच्या उंचीला.
"तूच सांग," म्हणाली, "कुठली सोडूया?"

मग तो बोलला.
पिवळसर, काळ्या शेपटीचं. ते चावतं.
करड्या घोडीचं, कारण तिला दूध कमी.
आणि कपाळावर चांदणी असलेलं.
ते कशाला, हे सांगितलं नाही. ते त्याचं असावं.
"राहिली चार," म्हणाला,
"पण त्यातलं एक लंगडतंय,
रात्री त्याच्याकडे बघायला हवं."

कोण बघतंय सध्या, असं तिनं विचारलं.
"आजोबा."
एवढंच. पुढे त्यानं बाकाची कड नखानं कोरली.
तिनं कोरू दिली.
फळ्यावर चार लिहिलं,
आणि चाराशेजारी एक लंगडं शिंगरू काढलं, जे
खरं सांगायचं तर
मेंढीसारखं दिसत होतं.
या वेळी हसण्यात शिजिरही होता.

घंटा झाली. टाचणातली साडेतीन पानं तशीच राहिली.
यासाठी गुण कापायचा नियम आहे.
कापले नाहीत.

चित्रकला: सुधारणेस वाव.

शेरा: या जागेत तीन ओळी मावतात,
म्हणून एवढंच लिहिते की
सात मोजेपर्यंत ही मुलगी थांबली.

ता. क.
तिच्यासाठी नमद्याचे बूट शोधावेत. माप छत्तीस.
जानेवारीपर्यंत ती टिकायला हवी.