थांबा

जेल रोडवरून आणला काडेपेटीएवढा बोर्ड,
टीव्हीला जोडला. पडद्यावर
छत्तीस वर्षांनी तोच चौकोन, लुकलुकणारा.

श्रीरंगदादाची आलेखवही उघडी.
ओळ दहा, ओळ वीस, ओळ तीस.
मधल्या नऊ जागा राखलेल्या,
पुढे काही सुचलंच तर, म्हणायचा.
ओळ पन्नासवर चहाचा डाग. तिथे तीन आहे की आठ,
त्यालाही आता सांगता येईना.

आपण प्रश्न टाइप करायचा, की अक्षरं यायची
'थांबा, विचार करतोय'
आणि यंत्र उगाच हजारपर्यंत मोजायचं.
रामबागेतली पोरं तेवढा वेळ
श्वास धरून बसायची, माझ्यासकट.

आज चालवलं.
'थांबा' वाचायच्या आत उत्तर हजर.
दादा चष्मा काढत म्हणाला,
अरे भिया, विचार तरी कर!

मग हजारावर एक शून्य, अजून एक,
चढवत गेलो.
पाचव्या शून्याला यंत्र जरासं अडलं.
खाली कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं,
ती सुरू होत नव्हती.
दादा पुढे वाकला.

आपण विचारलं काय होतं,
तेच मला आठवेना.