वाकडेवाडी

वाकडेवाडीलाच बंद पडते, म्हणाले खळदकर.
नाना पेठेतून निघाली की संगम पुलापर्यंत नीट,
पुढे एकदा खोकते, दोनदा,
आणि बसते.
दहा मिनिटांनी एका किकमध्ये चालू,
जसं काही झालंच नाही.

चौऱ्याऐंशीची येझदी. टाकीवर दर रविवारी पॉलिश.
खडकीच्या दारूगोळा कारखान्यात
बत्तीस वर्षं हिच्यावरून गेले,
लेटमार्क एकच, तो म्हणे पंक्चरमुळे.

प्लग काढला. कोरडा, पांढरट.
म्हणजे ठिणगी आहे, पेट्रोल पोचत नाही.
कार्बोरेटर उघडला, जेट फुंकलं,
उजेडाला धरलं:
भोकातून समोरच्या शटरचा निळा ठिपका.
फ्लोट कानाशी हलवला, आत थेंब वाजत नाही.
कॉकच्या जाळीवर गंज,
चहाच्या चोथ्यासारखा. घासला.
एकशेसाठ रुपये घेतले.
तासाभरात फोन. वाकडेवाडी.

मग पाइप बदलला. मग सुई.
मग मी उगाच कॉइलवर संशय घेतला,
तेवढं सुभानला सांगू नका, तो अजून शिकतोय.

चौथ्या खेपेला मीच मागे बसलो.
एसटी स्टँडसमोर खोकली, बसली.
कार्बोरेटरचा पाइप उपसला:
टप, टप,
बास.
टाकी अर्धी आहे हो, खळदकर म्हणाले.
बघायला झाकण फिरवलं
तर टाकीनं श्वास घेतला.
खरंच. स्स्स.
आणि पाइपातून धार, थेट माझ्या चपलेवर.

झाकण उलटं केलं.
हवेच्या भोकात एम-सील, गुळगुळीत,
वर अंगठ्याचा ठसा.
"गाडी धुताना पाणी जायचं आत," ते म्हणाले,
"दिवाळीत मीच बुजवलं."

आई गोडेतेलाच्या डब्याला
खिळ्यानं दोन भोकं पाडायची.
एक तेलाला, एक समोर, वाऱ्याला.
सव्वीस वर्षं पाना धरतोय मी,
आणि हे स्वयंपाकघरात ठेवून आलो होतो.

सेफ्टी पिननं कोरत बसलो फुटपाथवर.
खळदकर स्टँडच्या पाटीकडे बघत राहिले,
इंजेक्शन घेताना बघतात तसे.
"आणि पाणी गेलं तर?"
जाऊ द्या थोडं. तळाला बसेल.
महिन्याकाठी कॉक सोडून काढू.

झाकण लावताना त्यांचा अंगठा
सवयीनं भोकावर गेला,
थांबला,
मग बाजूला सरकला.